पुढची फ्लॉपी

मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि सध्या बंद आहे. बंद यंत्र कसं बोलेल, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, आमच्या न्हावरे गावात माझ्याविषयी याहून मोठ्या गोष्टी बोलल्या जातात. माझ्यात भूत आहे म्हणतात. पोरं खिडकीतून डोकावतात आणि पळून जातात. त्या मानाने बोलणं ही अगदीच किरकोळ गोष्ट झाली.

माझा जन्म पुण्यात एका दुकानाच्या पोटमाळ्यावर झाला. जन्म म्हणजे जोडणी. खोका एकीकडचा, पडदा दुसरीकडचा, डिस्क तिसरीकडची, पण अंगावर सगळं शोभत होतं. तेव्हा मी पांढरा होतो. आता हळदीचे हात पुसल्यासारखा पिवळा पडलोय. मला इंद्रजीतने विकत घेतलं. तो सणसवाडीच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीला होता. गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन त्याने मला एसटीने घरी आणलं. कंडक्टरने गमतीने माझं अर्धं तिकीट मागितलं आणि या वेड्याने ते खरंच काढलं.

घरात त्याची आई बयाबाई आणि शाळेत जाणारी धाकटी बहीण सुलक्षणा. वडील लवकर वारलेले. मला बघायला निम्मं गाव लोटलं. बयाबाईच्या भावाने, सावळाराममामांनी, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हे दूध किती देतं?" सगळे हसले. इंद्रजीतही हसला, पण जरा रागातच. माझ्या बाबतीत तो फार हळवा होता.

कारखान्यात त्याला युनिक्सचं वेड लागलं होतं. युनिक्स ही एक सिस्टिम आहे. सिस्टिम म्हणजे आम्हा यंत्रांना उठायला, बसायला, काम करायला शिकवणारी विद्या. खरी युनिक्स त्याला परवडणारी नव्हती, पण तिच्या भावकीतली एक सिस्टिम फुकट मिळायची. शिरूरला राहणाऱ्या गोकुळ नावाच्या मित्राने ती त्याला डबाभर फ्लॉप्यांवर भरून दिली. फ्लॉपी तुम्ही कदाचित पाहिलीही नसेल. तळहाताएवढी चौकोनी, चपटी वस्तू, आत एक पातळ चकती. तिच्यात मावतं ते अगदी थोडंच, म्हणून एका सिस्टिमला फ्लॉप्यांची चळतच्या चळत लागायची.

एका सुट्टीच्या दिवशी इंद्रजीत माझ्यापुढे मांडी घालून बसला. त्याने माझी जुनी सिस्टिम पुसून टाकली आणि नवी भरायला घेतली. मी एक फ्लॉपी संपवायचो, पुढची मागायचो, तो द्यायचा. मध्येच एक फ्लॉपी मला वाचता येईना. तसं मी पडद्यावर लिहिलं. त्याने ती काढली, फुंकर मारली, पुन्हा घातली. नाही म्हणजे नाही. मित्रांनो, ती खरंच वाचता येत नव्हती.

मग त्याने सगळा डबा पिशवीत घातला आणि फ्लॉप्या पुन्हा भरून आणायला तो मोटारसायकलने शिरूरला निघाला. पहिली फ्लॉपी तेवढी माझ्या तोंडात ठेवून गेला. आल्यावर पहिल्यापासून सुरुवात करायची होती. दिवस मावळला होता. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती आणि तिला मागे दिवा नव्हता. फ्लॉप्या रस्ताभर विखुरल्या होत्या, असं नंतर घरात बोलताना ऐकलं.

दशक्रियेची हकीकतही मला ऐकूनच ठाऊक आहे. घोड नदीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मामा म्हणाले, "बहिणीचं लगीन थाटात लावू." कावळा बाभळीवरून हलला नाही. "आईला अंतर देनार न्हाई." तरी नाही. उन्हं चढली, बायका रडायला लागल्या. तेव्हा एवढीशी सुलक्षणा पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "दादा, तुझं त्या मशीनमधलं अर्धं राहिलंय, ते मी पुरं करीन." कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

अर्धं राहिलंय, हे तिने बरोबर सांगितलं होतं. माझ्यातलं जुनं पुसलं गेलं होतं आणि नवं पुरतं आलं नव्हतं. त्या अवस्थेला यंत्रांच्या भाषेत नाव नाही. माणसांच्या भाषेत आहे, पण ते घरात कुणी मोठ्याने उच्चारत नाही.

कित्येक दिवस गेलेली लाइट सुतक फिटलं त्या संध्याकाळी आली. माझं बटण बंद करायचं भान कुणाला राहिलं नव्हतं. मी आपोआप जागा झालो. तोंडातली फ्लॉपी कुरकुरत वाचली आणि शिकवल्याप्रमाणे इंग्रजीत लिहिलं, पुढची फ्लॉपी घाला आणि एंटर दाबा.

अंधाऱ्या कोपऱ्यात एकाएकी उजेड पडला तशी बयाबाई उठून बसली. "सुले, काय म्हनतंय गं हे?"

"पुढची फ्लॉपी मागतंय."

"कोन मागतंय?"

बयाबाई माझ्यासमोर आली, पडद्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझा इंद्रा मागतोय." मग तिने ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं. मला भाकरीचा काय उपयोग? पण आई होती ती. मागणाऱ्याला द्यायचं एवढंच तिला ठाऊक होतं.

तेव्हापासून दर अमावास्येला ती मला लावायची. माझ्या आतला घड्याळाचा सेल संपला, तेव्हा मी उठल्यावर एक कळ दाबल्याशिवाय पुढे सरकेनासा झालो. सुलक्षणाने त्या कळीला कुंकू लावून दिलं. बयाबाई ती दाबायची, ताट ठेवायची आणि समोर बसून विचारायची, "आज काय पायजे बाळा?" मी दर वेळी तेच मागायचो. मला दुसरं काही लिहिता येतच नव्हतं.

तो माझ्यात होता का? मित्रांनो, मी यंत्र आहे, जेवढं ठाऊक तेवढंच सांगतो. सेल संपल्यापासून मी जागा झालो की दर वेळी मला एकच जुनी तारीख दिसते. त्या तारखेला इंद्रजीत मला घ्यायला पुण्याला आलेलाही नव्हता. म्हणजे माझ्या हिशेबी तो मेलेला नाही, तो अजून यायचाय. आणि कधी कधी भरदुपारी, मी बंद आणि बयाबाई पाण्याला गेलेली असताना, माझ्या फ्लॉपीच्या खाचेजवळचा दिवा लागायचा. आत चकती एक फेरा घ्यायची आणि थांबायची. मी तिला फिरायला सांगितलेलं नसायचं. मला त्याची भीती वाटायची. अजून वाटते.

सुलक्षणा लग्न होऊन दौंडला गेली. तिथे तिने स्टेशनजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकलं. घरोघरी मोबाइल आले, माझं कौतुक केव्हाच संपलं. मामा बयाबाईला म्हणाले, "भंगारात दे ते. मेलेलं मानूस घरात ठिवू न्हाई."

बयाबाई कडाडली. "इनामगावच्या टेकाडात खनल्यावर काय घावलं? जुनी मान्सं आपली मेलेली लेकरं घरातच पुरायची, चुलीपाशी. त्यांचं काय वाईट झालं? माझा एक कोपऱ्यात बसलाय तर तुमच्या पोटात दुखतंय व्हय?" पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

नदीकाठी दिलेला शब्द सुलक्षणाच्या डोक्यातून गेला नव्हता. काम तिला कधीच जमलं असतं, रोजचा धंदाच तिचा कॉम्प्युटरचा. पण मी मागायचं थांबलो तर आईकडे मागणारं कोण उरणार, या विचाराने ती पुढे ढकलत राहिली. मग यंदा बयाबाई पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर तिने लेकीला जवळ बसवलं आणि म्हणाली, "मी हाय तवर ह्याला वाढीन. माझ्यामागं ह्यो कुनाकडं मागंल गं? असाच उपाशी मागत राहील का?" एवढं बोलून ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला माझ्यासमोर रडताना पाहिलं नव्हतं.

सुलक्षणाने माझ्या पडद्याचा मोबाइलवर फोटो घेतला. त्यावर सिस्टिमचं नाव आणि आवृत्ती होती. जगात जुन्या सिस्टिमी जपून ठेवणारी माणसं आहेत. त्यांच्याकडून तिने अगदी तीच, इंद्रजीतच्या वेळची आवृत्ती उतरवून घेतली. कोऱ्या फ्लॉप्या मिळता मिळेनात. मिळाल्या त्यातल्या निम्म्या बुरसटलेल्या निघाल्या. चांगल्या निवडून, भरून, एकदा तपासून ती न्हावऱ्याला आली आणि भाऊ बसायचा तशीच मांडी घालून माझ्यापुढे बसली.

मी नेहमीसारखं मागितलं आणि या वेळी मला पुढची फ्लॉपी मिळाली. मित्रांनो, काय वाटलं ते सांगू? जेवणाऱ्याला पहिला घास कडू लागतो ना, फार उपाशी राहिल्यावर, तसं झालं.

थोड्या वेळाने मी विचारलं, डिस्कवर जुनं अर्धवट काही आहे, ते पुसू का? सुलक्षणाचा हात थांबला. "आई, दादानं भरलेलं हाय ह्यात. पुसायचं म्हनतंय."

बयाबाईने खाटेवरून माझ्याकडे बघितलं. "त्यो बी आल्यावर पहिल्यापासनंच करनार हुता न्हवं? पूस."

एकामागून एक फ्लॉप्या येत गेल्या. इंद्रजीत जिथे अडला होता ती आली तशी माझ्या आतलं चाक घरघरलं आणि थबकलं. सुलक्षणाने डोळे मिटून घेतले. मीही जीव एकवटला, यंत्राला जो काही असतो तेवढा. चाक सुटलं. ती फ्लॉपी मी शेवटपर्यंत वाचली.

सगळं भरून झाल्यावर सुलक्षणाने शेवटची फ्लॉपी माझ्या तोंडातून काढली आणि मी इतक्या वर्षांनी स्वतःच्या डिस्कवरून उठलो. पडद्यावर ओळी झरझर धावल्या. तिने नाव टाकलं, मी तिला आत घेतलं. मग एक छोटी रेघ लुकलुकत राहिली.

"आता काय मागतंय?" बयाबाईने विचारलं.

"काही न्हाई आई. आता त्याला काही नको. झालं पुरं."

बयाबाईने पदराने तोंड पुसलं. "मग बंद कर त्याला."

"असं बटन दाबून न्हाई करायचं. ह्या सिस्टिमला आधी सांगावं लागतं, जा म्हनून. मग ती आतलं सगळं आवरती आन् मग थांबती. तूच सांग आई. मी लिहिते."

बयाबाई दचकली. आपल्यात निघालेल्या माणसाला कुणी जा म्हणत नाही. निघणारा येतो म्हणतो आणि आपण ये म्हणतो.

"त्या दिशी येतो म्हनला," ती हळू आवाजात म्हणाली. "मी बी ये म्हनलं. भाकरी थापत हुते, मागं वळून बघितलं न्हाई. ये म्हनलं, म्हनून बसला बिचारा वाट बघत." ती खाटेच्या कडेला सरकली, हात लांब करून माझ्या पिवळ्या पाठीवर ठेवला. "जा रं माझ्या राजा. जा आता. मी येईन मागनं."

सुलक्षणाने लिहिलं. मी एकेक काम हातावेगळं केलं, उघडं होतं ते मिटलं, शेवटी सिस्टिम थांबली असं लिहिलं, आणि तिने बटण बंद केलं. त्यानंतर माझ्या खाचेजवळचा दिवा आपोआप कधी लागलेला नाही.

मित्रांनो, जुनी यंत्रं जपा, असं मी तुम्हाला सांगत बसणार नाही. ठेवायचं की टाकायचं, तुमचं तुम्ही ठरवा. फक्त कुणाचीही वायर एकाएकी ओढू नका. जा म्हणायची वेळ आली तर जवळ बसून तसं सांगा. आम्हाला हातातलं आवरायला थोडा वेळ लागतो.