तेरा नंबरची फाइल

बाई डाव्या हाताने फुलपाखरू बिघडवत होत्या. उजव्याने ते बिघडत नव्हतं. अठरा वर्षं बालवाडीत काढलेला तो हात. ब्रश घेऊन कागदाशी पोचला की आपोआप रेषेच्या आतच राहायचा.

"अजून नीटच दिसतंय," शेजारी उभ्या मावशी म्हणाल्या. मावशी म्हणजे बालवाडीत केर काढणाऱ्या, मुलांची नाकं पुसणाऱ्या आणि आज सकाळपासून तज्ज्ञ. "मिशा जरा वाकड्या करा."

फुलपाखराच्या मिशा वाकड्या झाल्या. मेंढीचा एक पाय उपटून बाईंनी तिच्या पोटावर चिकटवला. माशाचा डोळा शेपटीला नेला. सव्वादहा वाजले होते. मुलं शेजारच्या खोलीत धाकट्या बाईंच्या ताब्यात होती, आणि अकराला तेरा नंबरचे आईवडील फाइल न्यायला येणार होते. तेरा नंबर साडेतीन वर्षांची होती. तिला जाऊन तीन आठवडे झाले होते. चार दिवसांचा ताप, संपलं. फोनवर आई एवढंच म्हणाली होती, की तिच्या हातचं जे काही असेल ते द्या.

तिच्या हातचं काहीच नव्हतं.

यात कट वगैरे नव्हता. दारावर पाटी होती, 'खेळातून शिक्षण', आणि खाली बारीक अक्षरांत, की मुलांना हवं तसं चितारू द्या. पहिल्या वर्षी बाईंनी दिलं. प्रदर्शनाच्या दिवशी एका वडिलांनी आपल्या मुलाच्या मेंढीचे पाय मोजले, तीन भरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला समोरच्या बालवाडीत घातलं. तिथल्या मेंढ्यांना चार असायचे. तेव्हापासून मुलं दुपारी घरी गेली की बाई आणि मावशी खेळायला बसत. कापत, चिकटवत, कोपऱ्यात ज्याचा त्याचा नंबर टाकत. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा तीन वर्षांच्या मुलांनी कापलेली गोल गोल वर्तुळं पाहून शेरा मारला होता, 'उल्लेखनीय'.

बाकीची मुलं निदान मधे मधे लुडबुड करायची. तेरा नंबरला रंगाची किळस होती, डिंकाचीही. चित्रकलेचा पूर्ण तास ती मुठी आवळून बसायची. मावशी तिला कंजूस म्हणायच्या.

फाइलमध्ये शेवटच्या पानावर हाताचा लाल ठसा होता. तो बिघडवण्यात अर्थ नव्हता, कारण तो अगदी खरा होता. फक्त दुसऱ्या मुलीचा. वर्गात एकीला रंगाचं इतकं वेड होतं, की ज्यांनी मूठ उघडली नाही त्या पाचही जणांचे ठसे तिनेच उमटवून दिले होते, आणि अजून आहेत का म्हणून विचारलं होतं.

"हा काढून टाकू?" बाईंनी विचारलं.

"मग तिचं म्हणून द्यायला राहिलं काय?" मावशी म्हणाल्या.

ठसा राहिला.

दोघं दहा मिनिटं आधीच आले. खोलीत मोठ्यांची खुर्ची एकच, ती कुणीच घेतली नाही. तिघंही मुलांच्या खुर्च्यांवर बसले, गुडघे हनुवटीशी. पाठ केलेलं सांत्वनाचं वाक्य बाईंना काही केल्या आठवेना. वडिलांनी फाइल घेतली आणि पेपर तपासावा तशी सावकाश एकेक पान उलटू लागले. मेंढीपाशी ते हसल्यासारखे झाले. आईने फुलपाखरावर बोट ठेवलं, उचललं, बोटाकडे पाहिलं आणि ते रुमालात गुंडाळून घेतलं.

ठशाशी वडील थांबले. त्यावर त्यांनी हात ठेवला नाही, नुसता थोडा वर धरला. मग पाणी मिळेल का म्हणत उठले, आणि मावशी त्यांना मागच्या बाजूला घेऊन गेल्या.

"रंग ओला आहे, बाई," आई म्हणाली.

बाईंनी सांगायला सुरुवात केली ती थेट पाटीपासून, मेंढीच्या तीन पायांपासून. आईने मधेच हात वर केला.

"ह्यांना सांगू नका. काल भिंतीला खिळा मारलाय त्यांनी, हे लावायला. दोनदा अंगठा ठेचून घेतला."

"नाही सांगत."

"मग ती काय करायची? रंगाच्या तासाला?"

काहीतरी गोड रचून सांगायला बाईंना वेळ होता. त्यांनी तो घेतला नाही.

"झाकणं लावायची. रंगाच्या बाटल्यांची, ज्याचं त्याला. मुलं रंगवत असायची तरी लावून टाकायची. मुलं रडायची मग."

"घरी पण," आई म्हणाली. "माझा चहा संपायच्या आत कपावर बशी." आणि ती उठली.

रिक्षा थांबवायला ती पुढे गेली. पाणी पिऊन परतलेले वडील दाराशी वाकून बुटाची नाडी बांधू लागले. नाडी बांधलेलीच होती.

"चार दिवस तिचा हात माझ्या हातात होता," ते नाडीकडे बघत म्हणाले. "हा तिचा नाही."

बाईंनी दाराची चौकट धरली.

"हिला बोलू नका. फाइल मिळणार म्हटल्यावर आत्ता कुठे दोन घास खायला लागलीय."

"नाही बोलत."

ते उभे राहिले. फाइल या बगलेतून त्या बगलेत घेतली.

"ज्या मुलीचा आहे, ती बरी आहे?"

"बरी आहे. काल घसरगुंडीवरून पडली, गुडघा फुटला. बाकी ठणठणीत."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात मधली सुट्टी झाली आणि वीसेक मुलं अंगणात सांडली. एकमेकांना ढकलत, ओरडत, एक बूट घालून एक विसरून. बाईंचा हात नकळत वर गेला.

"नको," ते म्हणाले. "कोणती ते नको."

मग ते पायऱ्या उतरले आणि अंगण ओलांडू लागले. एकेका मुलाला वळसा घालत, कुणालाच धक्का लागू न देता. फाटकापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला.