मिस्त्रींचं नाव राहिलं होतं

शाळेच्या बाईंकडे जनगणनेचं काम आलं तेव्हा गावात फार कुणाला त्याचं अप्रूप नव्हतं. गाव ते केवढं! कालवा निघाला तेव्हा जमीन मिळालेली सात कुटुंबं येऊन राहिली, त्यांच्यामागून न्हावी, गिरणीवाला, दुकानदार आले आणि मधे एक सरळ रस्ता ठेवून दोन्ही बाजूंना घरं झाली. बाईंनी खडूनं दारांवर आकडे टाकत चार दिवसांत रस्ता जवळपास संपवला. पाचव्या दिवशी सकाळी त्या शेवटच्या घरी, पंपमिस्त्रींकडे पोचल्या.

मिस्त्री ओट्यावर बसून एका पंपाचं पोट उघडून बघत होते. हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे. बाईंच्या हातातले कागद पाहून त्यांनी मान हलवली.

"आम्हाला धरू नका, बाई. आम्ही इथले नाही."

बाईंना हसू आलं. चार वर्षांपूर्वी त्या या गावात आल्या, तेव्हा शाळेची टाकी कुणी भरून दिली होती ते त्यांना चांगलं आठवत होतं. "मग कुठले?"

"आमचं गाव लांब आहे. घर आहे तिकडे, भाऊ आहे. इथे पंप बसवायला आलो होतो, सहा महिन्यांसाठी."

"कधी?"

"एकोणीस वर्षं झाली," आतून मिस्त्रींच्या बायकोनं उत्तर दिलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "अजून बसवतायत."

"एक बसवला की दुसरा बिघडतो, त्याला मी काय करू?" मिस्त्री म्हणाले. "मागच्या वेळी मास्तर आले होते, त्यांनाही मी हेच सांगितलं. त्यांनी मुकाट्यानं आम्हाला वगळलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे मागच्या मोजणीत तुम्ही तुमच्या गावी होतात?"

"भावानं दिली असतील नावं."

"विचारून बघा ना एकदा. दोन्हीकडे नाव लागलं तर घोटाळा होईल."

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले आणि भावाला फोन लावला. ऐकायला कमी येत असल्यामुळे ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवत. त्यामुळे भावाचं बोलणं ओट्यावर सगळ्यांना ऐकू आलं.

"तुझं नाव? मी कशाला देऊ, दादा? तू तिकडे राहतोस ना? मागच्या वेळीही नव्हतं दिलं. खोटं कसं सांगायचं?" भाऊ अगदी सहज बोलत होता. मग त्यानं तब्येतीची चौकशी केली, वहिनीला विचारलं म्हणून सांग म्हणाला आणि फोन ठेवला.

तिकडे नाही, इथे नाही. दहा वर्षं हे तिघं, नवराबायको आणि याच गावात जन्मलेली त्यांची मुलगी, कुठल्याच कागदावर नव्हते.

मिस्त्री उठले. "पलीकडच्या मळ्यात पंप ओढत नाहीये. जाऊन येतो," असं म्हणून त्यांनी पान्यांची पिशवी खांद्याला अडकवली आणि चालायला लागले. उघडलेला पंप तसाच ओट्यावर राहिला.

"मी नंतर येते," बाई म्हणाल्या.

"कशाला? माझं नाव लिहा की." मिस्त्रींची बायको समोर बसली. "पोरगी आता शहरात नर्सिंग शिकतेय, तिला तिकडे मोजतील. मी इथेच आहे. बाळंतपण इथे झालं, गुडघे इथेच गेले. आणखी काय पुरावा हवा?"

"कुटुंबप्रमुख कोण लिहू?"

तिनं क्षणभर विचार केला. "आज मीच. ते आले तर बघू."

बाईंनी लिहिलं. घर एक, माणूस एक. दारावर आकडा टाकताना त्यांना ते बरं वाटलं नाही, पण कागद खरा होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मिस्त्री शाळेच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"काल एक नाव राहिलं," ते म्हणाले.

बाईंनी कपाटातून कागद काढले. वय, शिक्षण, धंदा विचारला. इथे राहायला येण्याचं कारण विचारल्यावर ते जरा थांबले.

"काम. तेच लिहा. खोटं नाही ते."

"आणि कुटुंबप्रमुख? वहिनींचं नाव आहे तिथे. खोडू?"

"नका खोडू. खाडाखोड चांगली दिसत नाही." मग खाली बघत म्हणाले, "ती म्हणाली, एकोणीस वर्षं मी इथे एकटी राहिले, तुम्ही फक्त जेवायला येत होता. रात्रभर विचार केला बाई. खोटं बोलली नाही ती."

गावाची बेरीज चारशे बारा झाली. कचेरीतला कारकून म्हणाला, साधारण चारशे धरू. बाई म्हणाल्या, साधारण नाही, चारशे बारा. आणि तो आकडा लिहून होईपर्यंत त्या टेबलापासून हलल्या नाहीत.

पुढे दोन महिन्यांनी भावाचा फोन आला. मिस्त्रींची खोली रिकामीच आहे, भिंत काढून गोठा वाढवू का, असं तो विचारत होता. मिस्त्रींनी चार दिवस घेतले. मग कळवलं, काढ. फक्त दार पाठव, बाबांनी केलेलं आहे.

दार धान्याच्या ट्रकवर आलं. चांगलं जाड, दोन फळ्यांचं, पितळी कडीचं. उतरवून घराला लावून पाहिलं तर चौकटीपेक्षा वीतभर रुंद. मिस्त्रींनी गवंड्याला बोलावलं आणि दोघांनी मिळून भिंत फोडायला घेतली.

"दारासाठी घर पाडणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय," धुळीत उभी राहून बायको म्हणाली.

"पाडत नाहीये, मोठं करतोय. तू जरा बाजूला हो," मिस्त्री म्हणाले आणि छिन्नीवर घाव घातला.

दुपारपर्यंत दार बसलं. मिस्त्रींनी बिजागऱ्यांना तेल दिलं, दार चार-पाच वेळा उघडून मिटून पाहिलं आणि खाली किती फट राहते ते बघायला ओट्यावर आडवे झाले.