कानामागची जखम

कान-नाक-घशाच्या दवाखान्यात खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे घड्याळताई म्हणत. कोणाची तपासणी कोणत्या तारखेला, हे त्यांना तोंडपाठ! स्वतःची तपासणी मात्र चार वर्षांत एकदाही झालेली नव्हती.

लहानपणी वाहून वाहून त्यांचे दोन्ही कान निकामी झाले होते. बारा वर्षांपूर्वी कानामागच्या हाडात स्क्रू बसवला. त्याचं टोक कातडीबाहेर, त्यावर बटणाएवढं यंत्र. त्याने आवाज हाडातून आत पोचायचा. थोरला भाऊ तेव्हा फार बोलला होता. "डोक्यात खिळा ठोकून घेतेस? उद्या काही झालं तर माझ्याकडे रडत येऊ नकोस." पण ताईंना चांगलं ऐकू यायला लागलं आणि भावाची बोलती बंद झाली.

आता दीड महिना स्क्रूभोवतीची कातडी लाल होऊन सुजली होती. सकाळी उशीला डाग दिसत. ताई गुपचूप मलम लावत आणि वर केस मोकळे सोडत. सांगायचं कोणाला? डॉक्टर म्हणतील, यंत्र काढून ठेवा. मग खिडकीवरचं काम कसं करायचं? जागा दुसरीला गेली तर? आणि भाऊ? तो तर टपूनच बसलेला! शिवाय डॉक्टर प्रत्येक नव्या पेशंटला ताईंकडेच पाठवत. "यांना विचारा, यांनी करून घेतलंय." इकडे आड तिकडे विहीर, अशी गत झाली होती बिचारीची.

त्या दिवशी एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. डोक्याला पट्टा बांधून तसलंच यंत्र त्या आठवडाभर वापरून बघत होत्या. ऑपरेशन सोमवारी होतं.

"ताई, खरं सांगा हं. पुढे कधी काही त्रास?"

"छे! काहीच नाही," ताई हसून म्हणाल्या.

मागे उभ्या असलेल्या सिस्टरना ताईंच्या कॉलरवरचा ओला डाग दिसला. दंडाला धरून त्यांनी ताईंना ड्रेसिंगच्या खोलीत नेलं आणि केस बाजूला केले.

"अगं बाई! आणि जगाला तारखा वाटत बसतेस?"

ताईंना रडूच कोसळलं. "सिस्टर, पाया पडते, कोणाला सांगू नका. ऑपरेशन फसलं म्हणतील."

"बारा वर्षं ऐकलंस ते फसलं? चष्म्याचा नंबर वाढला तर चष्मा फसला म्हणतो का आपण? स्क्रू कातडीतून बाहेर आलेला असतो, तिथली कातडी कधी सुजते, कधी वाढते. हे ज्याला माहीत असतं तो वेळेवर येतो. ज्याला नसतं तो लपवतो, आणि एक दिवस स्क्रूच घालवून बसतो! आत्ता त्या बाईला काय सांगितलंस? ती तुझ्या शब्दावर विसंबून डोकं पुढे करणार आहे!"

ताई तशाच धावल्या. बाई दारापर्यंत पोचल्या होत्या.

"थांबा! मी खोटं बोलले." त्यांनी केस वर करून जखम दाखवली.

बाईंनी वाकून जखम नीट पाहिली. "मग करू की नको?"

"करा. मला अजूनही हवंच आहे ते. पण रोज स्वच्छ ठेवा, तपासणी चुकवू नका, आणि दुखलं तर त्याच दिवशी या. माझ्यासारखं करू नका."

"आता भरवसा वाटला," बाई म्हणाल्या. "शिलाई मशीनसुद्धा मी, कुठे अडतं ते सांगणाऱ्याकडूनच घेतलं होतं."

डॉक्टरांनी औषध दिलं आणि तीन आठवडे यंत्र बंद. स्क्रू टिकेल की नाही, तेव्हाच कळणार होतं. जागा मात्र गेली नाही. फोन शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी घेतले, लोक आपलं म्हणणं कागदावर लिहून देऊ लागले.

भावाला ताईंनी स्वतःच सांगितलं आणि आता हा काय बोलतो म्हणून मान खाली घातली. त्याने कागद ओढून लिहिलं, "माझ्या त्या बोलण्यामुळे लपवलंस?"

"हो," ताई म्हणाल्या.

त्याने कागद पुन्हा पुढे ओढला. मग खाली लिहिलं, "चुकलो. पुढच्या तपासणीला मी सोबत येतो."

वाचकहो, आपल्या घरातही कोणाच्या कानात, गुडघ्यात, छातीत असं काही बसवलेलं असेल. त्याला "आता सगळं ठीक ना?" असं उत्तरासकट विचारू नका. "कुठे दुखतंय का?" असं विचारा, आणि तो "हो" म्हणाला तर "मी सांगितलं होतं" हे शब्द गिळून टाका. ते ऐकावे लागू नयेत म्हणून माणसं मुकाट्याने जखमा सोसत राहतात!