काकूंनी निवडलेलं सॉफ्टवेअर

काकूंना कॉम्प्युटर नकोच होता, असं मुळीच नाही. गोधडीचा आराखडा आलेखाच्या कागदावर काढायचा, रंगीत पेन्सिलींनी एकेक चौकोन भरायचा, आणि मग गिऱ्हाईक मान वाकडी करून म्हणणार, "या निळ्याच्या जागी हिरवा असता तर?" की झालं, पुन्हा पहिल्यापासून सगळं. तीस वर्षं हे केल्यावर माणसाला खोडरबराचासुद्धा राग येतो. त्यामुळे गोधड्यांचे आराखडे काढायची सॉफ्टवेअरं मिळतात असं लेकीनं सांगितल्यावर काकू लगेच हो म्हणाल्या. चूक एवढीच केली, की ते निवडायचं काम नवऱ्यावर सोपवलं.

काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या जमिनींचे नकाशे काढले, पण सुईत दोरा ओवून द्यायची वेळ आली की नेमका त्यांचा चष्मा सापडत नसे. त्यांनी दोन सॉफ्टवेअरं महिनाभर फुकट वापरायला उतरवून घेतली. एकात नुसते चौकोन मांडता येत. दुसऱ्यात वाट्टेल ते: तिरके तुकडे, पाकळ्या, आठ टोकांच्या चांदण्या. घरात त्यांची नावंच पडली, चौकोनवालं आणि चांदणीवालं.

"निवडलंत का?" काकू रोज विचारायच्या.

"थांब गं, नीट पारखून तर बघू दे," असं म्हणून काका पुन्हा पडद्यात डोकं खुपसायचे.

पारखता पारखता या गृहस्थानं चांदणीवाल्यात चांदण्यांची एक अख्खी गोधडीच मांडली. आणि नेमकी त्याच दिवशी लेक आली. तिला नव्या घरातल्या पलंगासाठी गोधडी हवी होती, आणि काकूंनी तिच्यासाठी तीन दिवस खपून कागदावर आराखडा तयार ठेवला होता. लेकीनं तो हातात घेतला, "छान आहे गं," म्हणाली, आणि तिची नजर बापाच्या पडद्यावर गेली.

"बाबा, हे तुम्ही केलंत? आई, मला हीच हवी!"

काकूंनी आपला कागद हळूच घडी करून कपाटात टाकला. पोटात दुखलं त्यांच्या, दुसरा शब्द नाही. परका कुणी असता तर एक वेळ चाललं असतं. पण ज्याला अस्तर कुठलं आणि वरचं कापड कुठलं हे कळत नाही, त्या आपल्याच नवऱ्यानं चार दिवसांत बाजी मारावी? त्यानंतर लेकीचा फोन आला की पहिलं वाक्य असे, "बाबांना दे ना जरा." काकू फोन द्यायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायच्या.

एक गोष्ट मात्र त्यांना पहिल्याच नजरेत दिसली होती. चांदणीच्या आठही तुकड्यांची आतली टोकं एका बिंदूत येत होती. पडद्याला कापडाची जाडी कुठे ठाऊक असते? तिथे आठ शिलाया एकावर एक चढणार आणि मधोमध गाठोडं होणार. हे सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. काकू म्हणाल्या, "छान आहे की." उंटावरून शेळ्या हाकताय ना, हाका. मग बघू.

पहिल्याच चांदणीच्या मध्यावर बोराएवढा गोळा झाला आणि मशीनची सुई कडकन मोडली. काकूंना इतका आनंद झाला की त्या तशाच उठल्या, चांदणी हातात घेऊन काकांना दाखवायला बाहेरच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. तिथे त्यांनी त्या गोळ्यावरून अंगठा फिरवला. हे असलं काम आपल्या हातून उतरलं? बघणारा आराखड्याला थोडीच नावं ठेवणार, म्हणणार, काकूंचा हात गेला.

त्या माघारी फिरल्या. शिलाई उसवली, आतलं जादा कापड कातरलं, शिलायांच्या आठही कडा एकाच दिशेला गोल वळवल्या आणि ओल्या फडक्यावरून कडक इस्त्री फिरवली. चांदणी सपाट बसली. अशा तीस चांदण्या. काका अधूनमधून डोकावून "जमतंय ना?" विचारत, आणि काकू तोंडातल्या टाचण्यांमुळे काही बोलत नसत. ते बरंच होतं.

लेकीनं गोधडी पसरली आणि ती बघतच राहिली. "बाबा, कसलं डिझाइन आहे हो!" बापाला मिठीच मारली तिनं. मग आईकडे वळून म्हणाली, "तुला फार त्रास नाही ना गं झाला? बाबांनी सगळी मापं तर काढूनच दिली होती."

"छे," काकू म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी हाक मारली. "अगं, महिन्याची मुदत आज संपतेय. कुठलं घ्यायचं ते सांग बघू."

"चौकोनवालं." काकूंनी क्षणभरही विचार केला नाही. आता बसा म्हणावं चौकोन भरत.

"नक्की? त्या दुसऱ्यात बरंच काही..."

"नक्की. पुरे झालं ते चांदण्यांचं फॅड."

काकांनी बटण दाबलं, काहीतरी आवराआवर केली आणि कंबर धरत खुर्चीतून उठले. "ये, बस. तुझ्या नावानं घेतलंय. तू सांगितलंस, वर लेकीचा हट्ट, म्हणून महिनाभर बसलो, पण मान पार आखडली माझी. या शिवणकामातलं मला कळतंय काय? आता तुझं तू बघ." आणि वर्तमानपत्र उघडून ते आरामात पडले.

काकू खुर्चीत बसल्या. समोर कोरा पडदा. भांडायला कुणी उरलंच नव्हतं. आणि त्या रिकाम्या पडद्याकडे बघता बघता त्यांना सुचली सोळा टोकांची चांदणी, मधोमध, अख्ख्या पलंगाएवढी. जगात कुणाला सपाट बसवता आली नसती, त्यांना आली असती. त्यांनी घाईघाईनं तिरका तुकडा शोधला. खालीवर, सगळीकडे शोधला.

"अहो," त्या शेवटी म्हणाल्या, "ते चांदणीवालं..."

"काढून टाकलं की," वर्तमानपत्रामागून काका म्हणाले. "तूच म्हणालीस ना, फॅड पुरे?"