गुरुवारची साडेचारची वेळ

तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या पायऱ्या दंतोबा दोन-दोन करत चढले आणि वर पोचतात तो समोर त्यांचा मेहुणा उभा. एका हातात फुलांचा गुच्छ, दुसऱ्या हातात केकचं खोकं, आणि तोंडावर निवडणूक जिंकल्याचा आनंद. त्याच्या मागे, समुपदेशक बाईंच्या दाराशी, दंतोबांची बायको ठेवणीतले कपडे घालून उभी होती.

"या भावोजी, या," मेहुणा म्हणाला. "आजचे उत्सवमूर्ती तुम्ही."

दंतोबा जागीच थांबले. अडीच वर्षांत घरचं माणूस इथं एकदाच आलं होतं, अगदी पहिल्या दिवशी, आणि तेव्हा त्यांना दंडाला धरून आणावं लागलं होतं.

दंतोबा हे अर्थातच खरं नाव नव्हे. गृहस्थ कवळ्या करतात. लग्न होऊन महिना झाला नाही तोवर मेहुण्याने हे नाव ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की आता दातांचे डॉक्टरही चिठ्ठीवर तेच लिहितात. शहरातले आठ-दहा डॉक्टर रुग्णांच्या हिरड्यांचे ठसे त्यांच्याकडे पाठवतात आणि घराजवळच्या एका लांबट खोलीत, दिव्याखाली बसून, दंतोबा मेणात एकेक दात बसवत जातात. पुढचे दात किंचित वाकडे बसवावेत, फार सरळ बसवले तर माणूस खोटा हसतो, असं त्यांचं ठाम मत आहे. या मतापायी ते दोन डॉक्टरांशी भांडलेलेही आहेत.

अडीच वर्षांपूर्वी अशाच एका वरच्या कवळीचे बारा दात बसवून झाले, दोन उरले, आणि ते दोन काही त्यांच्याच्याने उचलवेनात. हात धडधाकट होता. पण तेरावा दात बसवून असं काय होणार आहे, असा विचार मनात आला आणि तो जाईचना. मग जेवून काय होणार, आंघोळ करून काय होणार. सहा आठवडे ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. शेवटी बायकोने त्यांना उठवून इथं आणलं. सुरुवातीला एका डॉक्टरांच्या गोळ्याही होत्या, त्या त्या डॉक्टरांनीच हळूहळू कमी करत थांबवल्या. गुरुवारची साडेचारची वेळ मात्र राहिली.

आज तर दंतोबांचे पाय जमिनीवर नव्हते. काल दातांच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यातला पहिला तास घेतला होता. पांढऱ्या कोटातली वीस मुलं, आणि त्यांच्यापुढे जेमतेम शाळा संपवलेले आपले दंतोबा. मेणात दात बसवून दाखवताना हात जरासुद्धा थरथरला नाही, आणि तास संपल्यावर एका मुलीने विचारलं, सर, पुढच्या बुधवारी नक्की याल ना? त्यांना कुणी सर म्हणण्याची ही पहिलीच वेळ. घरी त्यांनी हे सगळं दोन वाक्यांत आटोपलं होतं. खरी हकिगत, सुरुवातीच्या घामासकट आणि जिन्यातून परत फिरावंसं वाटलं होतं त्यासकट, बाईंना सांगायची म्हणून राखून ठेवली होती.

त्या दोन वाक्यांनी घरात काय उलथापालथ केली ते त्यांना आता कळत होतं. माणूस कॉलेजात शिकवतो म्हणजे बरा झाला, आणखी काय पुरावा हवा? बायकोने लगेच भावाला फोन केला. आज सकाळी तिने इथेही फोन करून सांगून टाकलं, की आमचं काम झालं, ही वेळ आता दुसऱ्या कुणा गरजूला द्या. काउंटरवरच्या मुलीकडे थांबलेल्यांची यादी हातभर लांब. तिने आभार मानले आणि दहा मिनिटांत वेळ देऊनही टाकली. बायको हे सांगत होती तेव्हा इतकी खुलली होती की दंतोबांना लग्नातली ती आठवली. नवऱ्याला आपण आजवरची सगळ्यात मोठी भेट देतोय, असंच तिला वाटत होतं.

बाहेरच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक अनोळखी बाई पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून, अगदी कडेला टेकली होती, केव्हाही उठून पळता यावं अशी. साडेचारची वेळ आता तिची होती. दंतोबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली, कारण ते बसणं त्यांच्या चांगलंच ओळखीचं होतं.

मेहुण्याने तोवर केक काउंटरवर मांडला. 'बरे झालात, अभिनंदन' असं त्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं. हा मेहुणा बस डेपोत नियंत्रक होता. निवृत्त झाला तरी ध्वनिक्षेपकाची सवय सुटलेली नाही. तो भाषणाला उभा राहिला. पाय मोडतो, प्लॅस्टर घालतात. हाड जुळतं, प्लॅस्टर काढतात. जन्मभर कुणी प्लॅस्टर घालून हिंडतं का? आज आमच्या भावोजींचं प्लॅस्टर निघालं. काउंटरवरच्या मुलीने टाळ्या वाजवल्या, मग कुणीच वाजवत नाही हे पाहून हात खाली घेतले.

दंतोबांना सोपी वाट समोर दिसत होती. हो म्हणावं, केक कापावा, आणि उद्या गुपचूप फोन करून दुसरी वेळ मागून घ्यावी. कुणाचं मन मोडणार नव्हतं. पण मग दर आठवड्याला बायकोशी खोटं बोलावं लागलं असतं, आणि खोटं बोलत बरं राहता येत नाही, एवढं तर ते याच खोलीच्या पलीकडे बसून शिकले होते.  काल वीस मुलांपुढे बोलणं याहून सोपं होतं.

"दादा, प्लॅस्टरचं मला माहीत नाही," ते म्हणाले. "कवळीचं माहीत आहे. ती कितीही चांगली बसवली तरी खालची हिरडी बदलत राहते. दोन-चार वर्षांत कवळी हलायला लागते. मग लोक येऊन माझ्याशी भांडतात, की तुम्ही कायमची करून दिली होती ना? कायमचं काही नसतं हो. अधूनमधून आणून दाखवावी लागते."

"म्हणजे तुम्ही अजून बरे नाही?" मेहुण्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"बरा आहे. बरं राहायचंय म्हणून यायचंय."

बायकोच्या चेहऱ्यावरचा उजेड विझला. ती हळूच म्हणाली की मग आपण घरी एवढं सगळं करतोय त्याचा काय उपयोग. दंतोबांना ते लागलं. आता अर्धं सांगून भागणार नव्हतं. मागच्या वर्षी, त्यांनी सांगितलं, ते सगळं पुन्हा डोकं वर काढायला लागलं होतं. दुपारीच आडवं व्हावंसं वाटायचं, दात हातात घेतला की तोच जुना प्रश्न यायचा. बाईंनी दोन गुरुवारांत ओळखलं. महिनाभर दोघांनी त्यावर काम केलं आणि ते मुळातच दबलं.

"मला कळलंसुद्धा नाही," बायको म्हणाली.

"कळण्याइतकं वाढलंच नाही. ते या गुरुवारांमुळे."

 मग ती भावाकडे पाठ करून, फक्त नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"मला हे संपायला हवं होतं. अडीच वर्षं दर गुरुवारी साडेचार वाजले की मी गॅलरीत येऊन उभी राहते. तुम्ही कोपऱ्यावरून वळताना दिसलात की आत जाते. एकदाही चुकवलं नाही. तुमचा गुरुवार संपला की माझाही संपेल, असं वाटलं होतं."

दंतोबा थक्क झाले. आपल्या इथं येण्याची तिला लाज वाटते, अशी त्यांची इतके दिवस समजूत होती. ती तिथं वर उभी असायची, आणि ते खालून फाटक उघडताना कधी मान वर करून बघत नसत. त्यांनी तिचा हात धरला. मेहुण्याने घसा खाकरला आणि खिडकीतल्या कुंडीची पाहणी सुरू केली.

आतलं दार उघडलं आणि समुपदेशक बाई बाहेर आल्या. खोलीतली एवढी गर्दी, केक, ओले डोळे हे सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं. कोपऱ्यातली बाई घाईने उठली. यांनाच जाऊ द्या, मी पुन्हा केव्हातरी येईन, असं काहीतरी ती पुटपुटली आणि जिन्याकडे वळली.

"तुम्ही जा आत," दंतोबा तिला म्हणाले. "पहिल्या दिवशी इथवर चढून येणं सोपं नसतं. माझं थांबू शकतं."

ती क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग आत गेली. बाई तिच्यामागून दार लावणार, तेवढ्यात दंतोबांना राहवलं नाही. काल कॉलेजात शिकवलं, हात थरथरला नाही, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"बाकीचं सगळं ऐकायचंय मला," बाई हसून म्हणाल्या आणि दार लागलं.

काउंटरवरच्या मुलीने वही उलटसुलट करून मंगळवारी पाचची वेळ शोधून दिली. केक तिथंच कापला. अक्षरांचा भाग मेहुण्याने स्वतःच्या वाट्याला घेतला आणि एका घासात संपवला.

पुढच्या मंगळवारी दंतोबांनी बाईंना कॉलेजची सगळी हकिगत सांगितली. जिन्यातून परत फिरावंसं वाटलं होतं तेही सांगितलं, गॅलरीचंही सांगितलं, आणि तास संपला तेव्हा त्यांचा घसा बसला होता. ते लगबगीने घरी निघाले. कोपऱ्यावर वळल्यावर त्यांनी मान वर केली. गॅलरीत कुणी नव्हतं.

 जिना त्यांनी धावतच चढला. दाराला कुलूप होतं. अडीच वर्षांत त्यांनी किल्ली कधी जवळ ठेवली नव्हती, तशी गरजच पडली नव्हती. त्यांनी कुलूप एकदा ओढून पाहिलं, आणि तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं. बायको बाहेर गेली होती. मंगळवारी, पाच ते सहा, गॅलरीत उभं राहायचं सोडून, कुठंतरी, आपल्या मर्जीने. दंतोबांना इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण जिन्यात कुणीच नव्हतं. ते पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सैल केल्या.

तासाभराने शेजारचे गृहस्थ वर आले. दंतोबांना असं बाहेर बसलेलं पाहून ते थबकले आणि त्यांनी विचारलं, वहिनी कुठं गेल्या?

"काही कल्पना नाही," दंतोबा हसत म्हणाले, आणि त्यांना जायला वाट द्यावी म्हणून पायरीवर जरा बाजूला सरकले.