एक्केचाळिसावं पान

मी एक कादंबरी. एकशे शहात्तर पानांची, आणि आता शिवण उसवलेली. माझ्या पाठीवर छापलंय, 'बारा ते सोळा वयाच्या वाचकांसाठी'. आजवर मी दुसऱ्याची गोष्ट सांगत आले. आज माझी सांगते, कारण उद्या सांगायला मिळेलच असं नाही.

माझ्या पोटात एका मुलाची गोष्ट आहे. त्याची आई वारते, घर मोडतं आणि तो काकाकडे राहायला जातो. छापखान्यातून निघाले तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान होता. मला वाटायचं, मला वाचून जो तो रडेल. शाळेच्या ग्रंथालयात आले आणि सगळा तोरा उतरला. मुलं मला न्यायची, तिसऱ्या दिवशी परत आणायची. "बाई, हे फार रडकं आहे. भुताचं नाही का काही?" ग्रंथपाल बाई चष्म्यावरून बघायच्या आणि मला पुन्हा मधल्या फळीवर ठेवायच्या. अशी सहा वर्षं गेली.

मग एक दिवस चिंगी आली. तिचं खरं नाव कार्डावर होतं, पण घरात तिला चिंगीच म्हणत. चौदा वर्षांची, दोन वेण्या, त्यातली एक नेहमी सैल. वेण्या घालणारी आई चार महिन्यांपूर्वी गेली होती. मला तिच्या हातात देताना बाईंनी परतीची तारीख जरा लांबचीच घातली.

चिंगी आणि तिचे बाबा दोन खोल्यांच्या नव्या घरात राहायला आले होते. नवं म्हणजे त्यांना नवं. भिंतीवर आधीच्या लोकांच्या खिळ्यांची भोकं तशीच होती. आई पोस्टात होती. तिचा पगार थांबल्यावर मोठं घर परवडेना. बाबा बेकरीत कामाला. पहाटे जायचे, दुपारी यायचे, येताना ताजा पाव आणायचे. संध्याकाळी तो पाव टेबलावर तसाच असायचा.

"खाल्लं नाहीस?"

"भूक नाही."

"बरं."

एवढंच. दोघांचं दिवसभरातलं बोलणं या तीन ओळींत संपायचं. चिंगी वाळत चालली होती, बाबांना ते दिसत होतं, आणि काय म्हणावं हे त्या बिचाऱ्यांना सुचत नव्हतं.

माझ्या एक्केचाळिसाव्या पानावर आई जाते. त्या पानाचा मला सगळ्यांत जास्त गर्व होता. मुलगा तीन दिवस अन्नाला शिवत नाही, असं तिथे लिहिलंय. चिंगीने ते पान दोनदा वाचलं, पेन्सिल घेतली आणि समासात इतकं दाबून लिहिलं की मागच्या पानावर उठलं: 'खोटं आहे हे. मला भूक लागली होती. शेजारच्या काकूंनी जेवण आणलं, ते मी सगळं संपवलं. वर आणखी मागितलं.'

मग तिने मला उपडं ठेवलं आणि ती शाळेत गेली.

मला अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण पुढे समजलं, की ती रोज ताट का सारते. त्या एका दिवशीच्या जेवणाची शिक्षा ती स्वतःला देत होती.

दुपारी बाबा आले. त्यांनी मला उचललं. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, ओळीखाली बोट धरून वाचणारा. मुलगी काय वाचते ते कळावं म्हणून पहिल्या पानापासून सुरुवात केली. रोज ती यायच्या आत मला होतं तसं ठेवून द्यायचे. चौथ्या दुपारी ते त्या पानाशी पोहोचले. माझ्यावर मैद्याचा एक अंगठा उमटला. मग कानामागची पेन्सिल काढून तिच्या ओळींखाली त्यांनी मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं: 'मलापण लागली होती. दवाखान्याच्या कँटीनमध्ये मी पाव आणि आमलेट खाल्लं. तुझ्यासाठी आणायचं विसरलो.'

संध्याकाळी चिंगीने मला उघडलं. वाचलं. मला तसंच उघडं धरून ती स्वयंपाकघरात गेली. बाबा कप विसळत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"बाबा, आमलेट कसं होतं?"

बाबांनी नळ बंद केला.

"खारट."

"मग टाकलं?"

"छे. संपवलं. आणि पाव आपल्यापेक्षा वाईट होता, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं. अशा वेळी, बघ."

चिंगी हसली. हसता हसता तिला रडू फुटलं, आणि बाबांनी ओल्या हातांनीच तिला जवळ घेतलं. थोड्या वेळाने ती नाक पुसत म्हणाली, "कापा तो पाव." दोघांनी अख्खा संपवला.

त्यानंतर माझे समास मोकळे राहिले नाहीत. तोंडाने विचारायला जड जाणारं सगळं त्यांनी माझ्यावर लिहिलं. आईचे कपडे कुणाला द्यायचे? तुम्ही दुसरं लग्न करणार का? वेणी कशी घालतात, मला दाखवशील का? शेवटचं बाबांचं होतं.

परतीची तारीख उलटून गेल्यावर चिंगी मला घेऊन ग्रंथालयात गेली.

बाईंनी पानं चाळली. "हे काय केलंस? रबर घे आणि पूस."

"माझं पुसते, बाई. बाबांचं नाही पुसणार."

बाई वाचत राहिल्या. मग रजिस्टर उघडून माझ्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'फाटले, बाद.' मी कुठेही फाटले नव्हते. "ने घरी," त्या म्हणाल्या. "कधीतरी एखादं धड पुस्तक आणून दे." चिंगीने पुढच्याच महिन्यात आणून दिलं, भुताचं.

त्याला आता बावीस वर्षं झाली. मी स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांच्या शेजारी राहिले. पेन्सिल पुसट झाली आहे. बाबांना ती आता वाचता येत नाही, तरी दुपारी मला मांडीवर घेऊन बसतात आणि बसल्याबसल्या डुलकी काढतात. ते दिवस दुःखाचे होते, पण मला त्यांचीच सय येते. त्यानंतर मला इतकं मन लावून कुणी वाचलं नाही.

आज घर रिकामं होतंय. चिंगी बाबांना आपल्याकडे न्यायला आली आहे. दोन खोकी आहेत, एक नेण्याचं, एक देऊन टाकण्याचं. सकाळपासून मी त्या दोन्ही खोक्यांकडे बघतेय. वाचकहो, कुठेही गेले तरी तक्रार नाही. जिथे मी चुकले, तिथे मला माणसांनी दुरुस्त केलं; पुस्तकाला आणखी काय हवं?

आता तिचा हात माझ्यावर आला आहे.

"बाबा, हे कुठल्या खोक्यात?"

बाबा चपला शोधत होते. त्यांनी हात पुढे केला.

"ते इकडे दे. वाटेत लागेल."