ललितानं मशीनला चाकं लावली

वाटणीचा विषय निघाला की माणसं एकदम गोड बोलायला लागतात. सुनीलही तसाच बोलला. गुरुवारी संध्याकाळी चहाचा कप घेऊन तो मागच्या शेडच्या दारात उभा राहिला आणि वहिनीला समजावू लागला. वरच्या दोन्ही खोल्या तुमच्या, खालचं घर आणि ही शेड माझी, रविवारी मोतीराममामा देवळ्याहून येताहेत, त्यांच्यासमोर बोलून मोकळं होऊ. आणि जाता जाता, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हणाला की मशीन शेडबरोबर राहील.

ललितानं हातावरचा भुसा झटकला. "का?"

"सिमेंटमध्ये बोल्ट गाडलेत ना, वहिनी. गाडलेलं ते जागेचं."

आता हे बोल्ट कुणाच्या सांगण्यावरून गाडले ते ऐका. मशीन घेतलं ललिताच्या नवऱ्यानं, किशोरनं. वर रंधा, बाजूला गोल करवत, पोटात मोटर. चार फळ्या तासल्या आणि त्याची हौस फिटली. मग दोन वर्षं त्यावर पापड वाळले. ललितानं मोबाईलवर बघून बघून ते चालवायला घेतलं तेव्हा घर हसलं. पहिला पाट असा झाला की बसणारा डुलायचा. पुढं तिनं मोटर बदलली, पाती बदलली, करवतीवर स्वतःच्या हातानं झाकण बसवलं, आणि आज नाशिक रोडच्या किती कॉलन्यांत तिचे देव्हारे आहेत. किशोर हार्टअटॅकनं गेला त्यालाही आता दीड वर्ष झालं. तेराव्यानंतर आठवड्यातच ती शेडमध्ये उभी राहिली म्हणून जे बोलले, त्यांच्यातल्या एकानंही तिच्या घरात कधी किलोभर तांदूळ आणून दिला नव्हता.

तर त्याच वेळी सुनील म्हणाला होता, मशीन लावलं की आमच्या किचनमधली भांडी नाचतात, पक्कं बसवून घ्या. तिनं घेतलं. दिराचा मान राखला, ही तिची चूक.

"मग मी काय करायचं?" तिनं विचारलं.

सुनीलनं त्याचाही विचार करून ठेवला होता. शेड मशीनसकट एका मिस्त्रीला भाड्यानं जाणार होती. "त्याला पॉलिशला बाई लागेलच. मी शब्द टाकतो तुमच्यासाठी."

तिच्याच मशीनवर तिला मजुरी लावून देणार होता हा माणूस, आणि वर उपकार. तो गेल्यावर ललितानं गंज सुटावा म्हणून बोल्टांवर रॉकेल ओतलं.

गल्लीच्या टोकाला रोशनीची पिठाची गिरणी. मिरची कुटायचा डंख काढून टाकल्यापासून निम्मं दुकान रिकामं होतं. रोशनी म्हणाली, "आण की. पण आणशील कशी, डोक्यावर?" प्रश्न बरोबर होता. मशीन दोनशे किलोचं. ललितानं गल्लीतल्या चार हमालांना विचारलं. चौघांनीही एकच उत्तर दिलं, सुनीलभाऊंना विचारून सांगतो. माणसं मिळणार नाहीत हे तेव्हाच तिला कळलं. चाकं लावायची आणि एकटीनं ढकलायचं, दुसरा रस्ता नव्हता.

शुक्रवारी ती नाशिकच्या द्वारका चौकात हार्डवेअरच्या दुकानात गेली. दुकानदारानं खाटेला लावतात तसली प्लास्टिकची चाकं काढून काउंटरवर टाकली आणि मिस्त्रीला पाठवा म्हणाला.

"मिस्त्री मीच आहे. रबरी दाखवा, पाच इंची. एकेक चाक सत्तर किलोच्या वर पेलणारं."

दोनशे भागिले चार पन्नास होतात, ताई, असं त्यानं हसून सांगितलं. मग तिनं त्याला शिकवलं की जमीन कुठंही सपाट नसते, एक चाक कायम हवेत असतं, आणि सगळं ओझं तिघांवर येतं. तो हसायचा थांबला. पण ब्रेकवाली, चारही बाजूंना फिरणारी चाकंच घ्या, कुठंही वळतात, एवढं मात्र त्यानं तिच्या गळ्यात मारलंच.

शनिवारी सुनील बायकोमुलांसह सासुरवाडीला सिन्नरला गेला, कुणी स्कूटरवर, कुणी एसटीनं, कारण चारचाकी गाडीचा क्लच गेला होता. गाडीची चावी खिळ्याला होती. डिकीतला जॅक ललितानं काढला. पान्याच्या दांड्यावर हातभर पाइप चढवून तिनं चारही नट सोडवले. चौथ्याच्या वेळी हात सोलला. जॅकनं एक बाजू उचलायची, खाली ठोकळा सारायचा, मग दुसरी बाजू. मशीन वर आल्यावर खालचे बोल्ट ग्राइंडरनं जमिनीबरोबर कापले. बाभळीच्या जाड फळ्यांची चौकट तिनं रात्रीच जुळवून ठेवली होती. चाकं सरळ खाली लावली असती तर रंधा छातीशी आला असता, म्हणून चौकटीला बाहेर चार कान काढले आणि चाकं त्या कानांखाली बसवली. मशीन जेमतेम दोन बोटं उंच झालं.

सासूबाई, वत्सलाबाई, दारात बसून लसूण सोलत सगळं बघत होत्या. काय चाललंय असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

दुपारी ललितानं ब्रेक दाबले आणि फळी घातली. धार काढताना नाठाळ गाय बाजूला सरकते ना, तसं मशीन सरकलं. करवत फळीत अडकली, फळी उसळून मागच्या पत्र्यावर आदळली. वीतभर इकडं असती तर ललिताच्या पोटात असती. तिनं बटण बंद केलं, पायरीवर बसून पाणी प्यायली आणि विचार केला. ब्रेक चाकाला फिरू देत नव्हता, पण चाकावरची मान फिरतच होती. पुढची दोन चाकं घेऊन ती परत द्वारका चौकात गेली, बदल्यात सरळ चालणारी आणली, आणि चार जाड स्क्रू. काम करताना स्क्रू खाली पिळले की मशीन जमिनीवर टेकतं आणि चाकं अधांतरी राहतात. या खेपेला दुकानदारानं मिस्त्रीचं नाव काढलं नाही. मशीन उचललं कसं तेवढं विचारलं.

रविवारी सकाळी सुनील परतला, पाठोपाठ मामा आले. चहा झाला, पोहे झाले, वरच्या-खालच्या खोल्या झाल्या. मग सुनीलनं मशीनचा विषय काढला. मामांनी मिशीवर हात फिरवला. "आपल्यात रीत हाय. हिरीवरची मोटर हिरीबरोबर जाती. गाडलेलं जमिनीचं, हलतं ते माणसाचं."

सगळे शेडकडे गेले. ललितानं स्क्रू वर घेतले, ब्रेक सोडले आणि एका हातानं मशीन ढकललं. ते हाललं.

सुनीलचा गोडवा संपला. "हे काल केलंय, मामा. चिटिंग आहे ही."

"गाडायला तुम्ही सांगितलंत, भाऊजी. उपटायला मला कुणी सांगायची गरज पडली नाही."

"उचललं कुणी? कोण माणसं आली होती घरात?"

"तुमच्या गाडीचा जॅक."

वत्सलाबाईंनी पदर तोंडाला लावला. खोकल्या की हसल्या, कळलं नाही.

मामा गोंधळले. रीत त्यांनीच सांगितली होती आणि आता ती त्यांच्याच अंगावर आली होती. कालपरवापर्यंत गाडलेलं होतं, तवा बसून इचार करावा लागंल, असं काहीबाही म्हणत ते खुर्चीकडे वळले. चार पुरुष खुर्च्यांवर बसून विचार करायला लागले की बाईच्या हातातलं काय काय जातं, ते ललितानं माहेरीही पाहिलं होतं. तिनं मशीन सरळ अंगणात काढलं.

सुनील धावत जाऊन फाटकात आडवा उभा राहिला. "वहिनी, लोक बघताहेत."

"बघू देत. दोनशे किलो आहे, भाऊजी, आणि पुढं उतार आहे. ब्रेक माझ्या बाजूच्या चाकांना आहेत. मी ते दाबणार नाही."

ती चालतच राहिली. सुनीलनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग मशीनकडे. आणि बाजूला झाला.

गटारावरच्या जाळीवर मशीन खडखडलं, अडकलं नाही. रस्त्यावर रोशनी दोर घेऊन उभीच होती. तिनं मागून दोर ताणून धरला, ललितानं दिशा सांभाळली. गल्लीतले हमाल पानटपरीशी उभे राहून बघत होते. त्यातला एक हात लावायला पुढं आला. ललिता म्हणाली, "आधी सुनीलभाऊंना विचारून ये." टपरीवाला खिदळला.

मागून मामांची हाक आली. "आगं, निकाल व्हायचाय अजून."

"झाला की कळवा, मामा. मी गिरणीत आहे."

गिरणीत गव्हाचे डबे घेऊन तीन बायका थांबल्या होत्या. त्यांनी डबे सरकवून जागा केली. ललितानं चारही स्क्रू पिळले, मशीन हलवून पाहिलं. हललं नाही. अर्धवट देव्हाऱ्याची फळी तिनं रंध्याला लावली. रोशनीनं गिरणीचं बटण दाबलं, ललितानं मशीनचं.

थोड्या वेळानं मामा काठी टेकत दारात आले. बरंच काही बोलले, हातवारेही केले. त्या दोन्ही मोटरींच्या आवाजात ते काय म्हणाले, कुणालाच ऐकू आलं नाही.